बिनखरखरीचा सप्लाय

रेडिओवर शॉर्टवेव्ह ऐकणारी माणसं जरा चक्रमच असतात, आणि माझी चूल त्यांच्याच जिवावर पेटते. म्हणून रिटायर्ड कंपाउंडरकाका महिन्याभरात तिसऱ्यांदा रेडिओचा पॉवर सप्लाय परत घेऊन माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले, तेव्हा मी हसलोच.

"काका, आता काय बिघडलं?"

"घूं येतंय. थोडंच आहे, पण आहे."

पहिल्यांदा त्यांनी बाजारातला हलका अडॅप्टर आणला होता. तसले अडॅप्टर सेटमध्ये इतकी खरखर सोडतात की लांबचं स्टेशन त्यात बुडून जातं. मग मी त्यांना जुन्या पद्धतीचा, जड ट्रान्सफॉर्मरचा सप्लाय बनवून दिला. नंतर उरलेली घूं दाबायला त्यात मोठे कपॅसिटरही घातले. माझ्या टेबलावर तर सेट अगदी मुका बसायचा.

"एवढं कुठलं स्टेशन ऐकता?"

"स्टेशन नाही. एकतीस मीटर बँडच्या पुढे एक रिकामी जागा आहे." ते काउंटरवरची धूळ बोटाने पुसत राहिले. "तिथे ही हाक मारते."

काकूंना जाऊन चार महिने झाले होते. त्या दिवशी काका हेडफोन लावून एक पुसट स्टेशन पकडत बसले होते आणि काकू स्वयंपाकघरात कोसळल्या. भिंतीपलीकडच्या शेजारणीला हाक ऐकू गेली, शब्द कळले नाहीत. काकांना तर काहीच ऐकू गेलं नाही.

"शेवटी काय म्हणाली, एवढंच ऐकायचंय हो."

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण म्हाताऱ्याची समजूत काढायला माझं काय जात होतं? बॅटरीइतका स्वच्छ सप्लाय दुसरा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा व्होल्टची बॅटरी घेऊन त्यांच्या घरी गेलो, सेटला जोडली आणि विजेची खरखर नको म्हणून घराचा मेन स्विचही पाडला. पंखा थांबला. फ्रिज एकदा थरथरून गप्प झाला.

काकांनी हेडफोन लावले, डोळे मिटले. चेहरा उजळला.

"स्वच्छ आहे," ते पुटपुटले. "श्वास ऐकू येतोय तिचा."

मला भरून आलं. त्यांच्यासमोर डोळे पुसायला नकोत म्हणून पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघराकडे वळलो.

आत कोणी नव्हतं. ओटा कोरडा होता.

"अहो," आतून आवाज आला. "अहो, जरा येता का?"

मी दारातून पुन्हा आत पाहिलं.

भांडं घरंगळत गेल्याचा आवाज आला. फरशीवर काहीच नव्हतं.

मग नुसता श्वास, तोही तुटक.

मी धावत जाऊन काकांचा खांदा हलवला, हेडफोन ओढायला हात घातला. त्यांनी डोळे न उघडताच ते दोन्ही हातांनी कानांवर घट्ट दाबून धरले.

"शू. आता बोलेल ती."

माझ्या पाठीमागून, स्वयंपाकघराच्या दारातून, तोच आवाज आला, दमलेला, समजूतदार.

"असू दे. ऐका तुम्ही."