तिसरी प्रत

तो नाकाने पान उलटत होता.

खोटं नाही सांगत. डायलिसिसच्या हॉलमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीत नवा माणूस आला होता. उजवा हात सुया टोचून मशीनला जोडलेला, डाव्या हातात ई-रीडर. पान संपलं की नाकाचा शेंडा पडद्यावर टेकवायचा. मला हसू आवरेना. माझा डावा हात मशीनकडे गहाण, म्हणून उजव्याने तोंड दाबायला गेले, तर मांडीवरचं मासिक खाली पडलं.

"हसा, हसा," तो म्हणाला. "बटण शहाण्यांनी उजवीकडेच ठेवलंय. डाव्या हाताने धरलं की अंगठा पोचत नाही."

"मग नाक पोचतं?"

"देवाने लांब दिलंय… कुठेतरी उपयोगी पडू दे."

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आता नाही. दिवसाआड इथे येऊन पडणाऱ्याला कोण कामावर ठेवतो? मी घरीच कपडे शिवते, म्हणून निभावतंय. तो मला शिंपीणबाई म्हणू लागला, मी त्याला नाकवाले.

या हॉलमध्ये कुणी प्रेमात पडत नाही. इथला माणूस एके दिवशी येत नाही, इतकंच. सिस्टर त्याच्या खुर्चीवर नवी चादर घालते आणि आम्ही सगळे भिंतीकडे बघतो. नाकवाल्यांना मिळालेली खुर्चीही त्यांच्याआधी अशीच रिकामी झाली होती.

"सिस्टर, खुर्च्या जरा जवळ सरकवा ना," त्याने एकदा सांगितलं. "यांचा उजवा हात फुकट चाललाय."

तो रीडर धरायचा, मी बटण दाबायची. तो हळू आवाजात वाचायचा. रक्तदाब उतरला की माझ्या डोळ्यांपुढे अक्षरं पोहू लागायची. मग तो अक्षर मोठं करायचा, आणखी मोठं… शेवटी पडद्यावर एकच शब्द उरायचा.

"एवढाच वाच. बाकीचं मी वाचतो."

'अहो'चं 'अगं' कधी झालं, कळलंच नाही.

"मी बनवला असता ना," तो म्हणायचा, "तर बटणं दोन्हीकडे. वजन असं, की आजाऱ्यालाही पेलावं. उजेड डोळ्यांत न घुसणारा. आणि शेजारणीला पुस्तक उसनं देता आलं पाहिजे."

"आणि शेजारणीने परतच केलं नाही तर?"

"मग… शेजारणीलाच ठेवून घ्यायचं."

कान लाल झाले त्याचे. माझेही झाले असणार.

पुस्तकाच्या कडेला तो टिपणं करायचा. 'इथे हसली.' 'इथे पायात गोळा आला, तरी हसली.' माझ्याबद्दल आजवर लिहिलं गेलं ते फक्त रिपोर्टात. हे पहिलंच वेगळं.

आईला सुगावा लागलाच. "एक आजारी घरात आहे तेवढं पुरे," ती म्हणाली. "दोन मरणं बघायची ताकद नाही माझ्यात. तोड ते." खरंच होतं तिचं.

आणि एका सकाळी त्याने रीडर उघडला, तर आत काहीच नाही. कंपनीने दुकान गुंडाळलं होतं. पुस्तकं गेली, टिपणंही गेली. मी तिथूनच फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, पुस्तकं तुमची नव्हतीच. तुम्हाला फक्त वाचायची परवानगी होती."

"आणि माझं हसणं? तेही तुमच्या मालकाचं का गं?"

तिने फोन ठेवला. चोर कुठले! विकताना 'विकत घ्या' म्हणतात, आणि काढून घेताना विचारतही नाहीत.

पुढच्या वेळी त्याने कागदी पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

"आता आपलं आपण ठेवायचं. साधी फाइल. कुठल्याही फोनवर वाजेल, कुणाच्या बापाची परवानगी नको."

तो वाचत होता, मी हसत होते, मध्येच मशीन किंचाळत होती. आणि वाचता वाचताच, सूर न बदलता, तो म्हणाला, "मला तू हवी आहेस. असतील तेवढे दिवस."

"ते… ते बंद कर आधी."

"नाही. हेच तर ठेवायचंय. एक प्रत तुझ्याकडे, एक माझ्याकडे."

"आणि दोघंही गेलो तर?"

इथे हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही. तो मात्र तयारच होता.

"म्हणून तिसरी प्रत. धडधाकट माणसाकडे… तुझ्या आईकडे."

"वेडा आहेस का? ती ऐकेल ना!"

"ऐकू दे की."

मशीन नसलेल्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या घरी आला. आईने पाणीसुद्धा विचारलं नाही. त्याने फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग लावलं. आई आजवर हॉलच्या आत कधी आली नव्हती, बाहेरच्या बाकावर बसायची. मशीनचा आवाज आला तसा तिने ओट्याची कड धरली. मग माझं हसणं आलं. मग त्याचं ते वाक्य. मी जमिनीकडे बघत राहिले.

"ही तिथे अशी हसते?" आईने मला नाही, त्याला विचारलं.

"हो."

"घरी नाही हसत." तिने नळाखाली एक भांडं विसळलं. "तू किती टिकशील रे?"

"हिच्याइतकाच. थोडा कमी, थोडा जास्त."

"मग उशीर कशाला करताय?"

तिने ओला हात पदराला पुसला आणि आपला जुना फोन त्याच्यापुढे धरला.

"घाल यात. आणि मला परत ऐकायचं कसं, ते नीट शिकव. तेव्हा विचारायला तुम्ही नसाल."