जिन आणि आईची सरकी

सिरसाळ्याच्या जिनात आमची कापसाची गाडी शिरली, तवा दारातच एक तेलकट हातांचा माणूस हसत उभा होता. उगंच हसणाऱ्यावर माझा इश्वास बसत न्हाई.

"ह्यो उत्तरेश्वर मिस्त्री," आबा म्हणाले. "तलवाड्याचा. आपल्या पाहुण्यातलाच हाय."

पाहुण्यातला असला म्हणून काय झालं? जिनात कापूस यंत्रातनं काढला की रुई एकीकडं पडती, सरकी एकीकडं. अन् सगळ्या गावांची सरकी एकाच ढिगात मिसळती. आमची तशी मिसळली की संपलंच! आई गेली, तिची एवढीच खूण उरली होती... कमी पाण्यात तगणारं बी. जन्मात कधी तिनं ते घराबाहेर दिलं न्हाई.

मी पाळतीवर बसले. गोड बोलून माणूस ओळखावा म्हणून इचारलं, "जिन म्हंजे काय वो?"

"इंग्रजांच्या 'इंजन' ह्या शब्दाचं उरलेलं शेपूट."

"शेजारची बिबी तर म्हणती, जिन पडक्या हिरीत ऱ्हातो!"

"तो अरबांकडचा. अन् जालन्याचा गोरा साहेब पितो, ती दारूबी जिनच... तिचं नाव एका झाडाच्या फळावरनं. तिघांचं नातं न्हाई, नाव तेवढं एक."

"एवढ्याशा शब्दात तीन असामी? मग तुमच्या हसण्यात किती असतील?"

तो लाजला. लाजणारा तर लईच वंगाळ!

आमची पाळी आली अन् ह्यानं यंत्रच बंद केलं. कुंचा घेऊन खाली शिरला. कावून, कशासाठी? मग यंत्र चाललं, रुई निघाली... ढिगात आमची सरकी काही दिसंना. बघते तर हा बाबा एक पोतं इंजनामागं ओढतोय!

"चोर मेला!" मी धावले.

"अवं, हळू—" त्यानं पोत्याचं तोंड सोडलं. "दात्यांत अडकलेलं लोकाचं बी आधी झाडून काढलं. तुमचं येगळं धरलं. मालकानं बघितलं असतं तर ढिगात ओतलं असतं."

मी मूठ भरून घेतली. आईची सरकी हिरवट, लोकाची पांढरी. एकबी पांढरी निघंना. माझे डोळे भरून आले.

"तुमाला कुणी सांगितलं?"

"तुमी गाडीतल्या बोंडाला कुणाला हात लावू देत न्हवता. तवाच कळलं."

"पर एवढं कावून केलं?" माझा संशय अजून जाईना.

तो पायाकडं बघत ऱ्हायला. "ह्याचा अर्थ एकच हाय... तुमी मला आवडता. आबांना इचारू का?"

माझ्या छातीत जिनापेक्षा मोठी धडधड! मी हातातली सरकी त्याच्या तेलकट ओंजळीत ओतली.

"हे काय? ही तर तुमी घराबाहेर देत न्हाई. आबाच म्हणत होते."

"न्हाईच देत," मी म्हणलं.