खुंटीवरचा पट्टा

तात्यांच्या अंगावर चिमटीत धरायला चरबी नव्हती. मग डॉक्टर म्हणाले तसं त्यांचं हृदय चरबीनं कसं बिघडलं? शर्वाणीला हे कोडं सुटत नव्हतं. तिचे हे आजोबा मल्लखांब शिकवायचे. ते जाऊन पंधरवडा झाला होता, पण व्यायामशाळेतला तेलकट खांब दिसला की तिला अजून रडू फुटायचं.

त्या काळी सगळ्यांच्या मनगटावर ठोके मोजणारा आणि ते चुकले की वाजणारा पट्टा असे. एरंडेल चोपडलेल्या खांबावर मात्र मनगटात काही चालत नाही, म्हणून पट्टे खुंटीला लागत. तात्यांचा पट्टा मध्येच पिपाणीसारखा वाजू लागला, तेव्हा ते हसले होते. "ज्याचं पोट सपाट, त्याचं काळीज ठणठणीत!" त्यानंतर त्यांनी तो खुंटीवरून काढलाच नाही.

शेवटी ती वैद्यबुवांकडे गेली. वैद्यबुवा म्हणजे व्यायामशाळेतला यंत्रमानव. साधं खरचटलं तरी प्रवचन देतो, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलेलं.

"चरबी फक्त पोटावर असते, असं कुणी सांगितलं?" त्यांनी हवेत एक धडधडतं हृदय उमटवलं. "हा पिवळा थर बघ. हृदयाला चिकटलेली ही चरबी सगळ्यांनाच असते. थोडी असली तर गुणाची, हृदयाला इंधन पुरवते. फार वाढली की तिच्यातून दाह (आतली सूज) वाढवणारी द्रव्यं पाझरतात. मध्ये आडपडदा नाही, त्यामुळे ती थेट अलिंदात (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) शिरतात. तिथला स्नायू जागोजागी निबर होतो."

"मग?"

"ठोका म्हणजे विजेची लाट. निबर जागी ती अडते, वळसे घेते. कप्पा नीट आवळण्याऐवजी नुसता थरथरतो. थरथरत्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते. तात्यांची गुठळी मेंदूत गेली."

"पण ते किती बारीक होते!"

"जाड माणसांत ही चरबी जास्त आढळते, पण बारकुड्यांना नसतेच असं नाही. वय, रक्तदाब हीही कारणं असतात. चरबीचा वाटा नेमका किती, ते शास्त्रज्ञ अजून शोधताहेत."

"पट्टा मीच खुंटीला लावायचे," शर्वाणी हुंदके देत म्हणाली. "रोज. तो वाजला त्या दिवशीही. ते माझं काम होतं."

वैद्यबुवांनी हवेतलं हृदय विझवलं. "तुझी चूक नाही, पोरी. बारीक माणसालाही हे होतं, ते तुम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आता तुला ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी वर्ग बाबांनी घेतला. तात्यांसारखेच काटक, तात्यांसारखेच हट्टी. खांबाला तेल चोपडून वर चढणार, तोच त्यांचा पट्टा वाजला. त्यांनी तो सोडला आणि सवयीनं लेकीपुढे धरला.

शर्वाणीनं तो घेतला, पण खुंटीकडे गेली नाही. तिनं तो परत बाबांच्या मनगटावर बांधला.

"अगं, माझं पोट बघ की! सपाट आहे."

"तात्यांचंही होतं, बाबा."

बाबा खुंटीवरच्या तात्यांच्या पट्ट्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

"वेळेवर कळलं तर औषधं आहेत," वैद्यबुवा हळूच म्हणाले.

बाबांनी हाताचं तेल पुसलं. "चल," ते म्हणाले, "आत्ताच दवाखान्यात जाऊ."