लहानात लहान यंत्र

लातूर-नांदेड बसमध्ये मी स्वतःशीच पुटपुटत होते. दुपारी विद्यापीठात पीएचडीचं शेवटचं सादरीकरण होतं.

"कंस उघडला... कंस मिटला... म्हणून लहानात लहान यंत्र एकच."

"एकच कसं?"

अहमदपूरला चढून शेजारी बसलेला चष्मेवाला विचारत होता. भलतेच शांत डोळे!

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"थोडंफार. उदगीरच्या कॉलेजात हेच शिकवतो. मी मृत्युंजय. आज नांदेडला काम आहे."

"मंजुश्री," मी तुटकपणे म्हटलं. मग दुपारच्या सादरीकरणासकट सगळं सांगितलंच. कंस नीट जुळतात का, हे तपासणारं कागदावरचं यंत्र. त्यातलं जादा गाळत गेलं की शेवटी एकच यंत्र उरतं. माझा सगळा प्रबंध यावरच उभा होता.

त्यानं खिडकीच्या धुळकट काचेवर बोटानं दोन आकृत्या काढल्या. दोन्ही सारख्याच लहान, काम तेच... पण यंत्रं वेगळी!

मी त्याच्याकडं वळले. "हे आजच सांगायचं होतं?"

"तिथं परीक्षकानं विचारलं असतं तर..." तो ओशाळला. "लई वाईट वाटायलंय मला."

लोहा गाव मागे पडलं. मी काचेकडं बघतच होते. कंस उघडला की यंत्र आत कुठूनही शिरत होतं...

"आत जायला एकच दार ठेवलं तर?"

त्यानं काचेवरच्या उरलेल्या धुळीत पुन्हा आकृत्या काढल्या. अचानक हसला. "मग दोन्ही एकच होतात हो! जमलं!"

नांदेड येईपर्यंत आम्ही ते मोडायचा प्रयत्न केला. मोडलं नाही.

सादरीकरणात मी आधी चूक सांगितली, मग एकाच दाराची अट. परीक्षकांनी नेमकं तेच खोदून विचारलं आणि शेवटी मान डोलावली. बाहेर आले. किती दिवसांनी पोटभर श्वास घेतला!

लिंबाखाली मृत्युंजय उभा होता.

"झालं?"

"झालं!" मी जवळजवळ ओरडलेच. "पण... तुमचं काम होतं ना इथं?"

"होतं. मुलगी बघायची होती."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठीच." तो कानापर्यंत लाल झाला. "बसमधून उतरल्यावर फोन करून माफी मागितली मुलीकडच्यांची. आमच्या काकांनी लई झापलं."

"का नाही गेलात?"

"तुम्ही काचेकडं बघत होतात ना... तेव्हाच ठरलं. तुमच्या घरी आलो तर चालेल? बघायला..."

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"बघून झालंय की," मी म्हटलं. "मागणी घालायला ये."