तीन शिट्ट्या

दार लोटून घ्या पोरांनो, कुत्र्यालाही आत घ्या. मग सांगते.

तीन वर्षं झाली. मे महिन्याची अकरा तारीख, शनिवार. माझ्या धाकट्या बहिणीकडे, हिल्डाकडे, पक्षी बघायला आलेले पाहुणे उतरले होते. न्याहारीला अंडी कमी पडणार म्हणून तिचा निरोप आला, तशी मी माझ्या कोंबड्यांची दोन डझन अंडी घेऊन संध्याकाळी निघाले.

दारातच त्या पाहुण्यांतला पास्क भेटला. दर मे महिन्यात येणारा, गोडबोल्या. टोपलीत डोकावून म्हणाला, "एथेल, या असल्या साध्या अंड्यांसाठी एवढी पायपीट?"

"साधी असतील, पण चोरीची नाहीत," मी म्हटलं. सहजच बोलले हो. पण त्याचा चेहरा उतरला.

आदल्या वर्षीची गोष्ट मनात होती ना. दलदलीतल्या बोरूत भोवत्याच्या, त्या दुर्मीळ शिकारी पक्ष्याच्या, मादीनं चार अंडी घातलेली. असली अंडी चोरून जमवणारे असतात, म्हणून माझा दीर विल्फ रात्रीचा राखणीला बसायचा. एका रात्री खाडीकडून तीन शिट्ट्या आल्या. आमच्याकडे तीन शिट्ट्या म्हणजे कुणीतरी चिखलात रुतलंय. ऐकणाऱ्यानं हातातलं टाकून धावायचं. विल्फ धावला. भरतीनं त्याला नेलं. दुसरं कुणी रुतलेलं सापडलंच नाही, आणि सकाळी घरटं रिकामं. शिट्टी कुणाची, कधी कळलं नाही. विल्फला पुरायच्या आधी त्याच्या अंगावरच्या कोटाची चार पितळी बटणं मीच शिवली. काळा दोरा संपला होता, म्हणून हिरव्यानं.

तर मी सांगतेय त्या वर्षी मादी पुन्हा बसली होती. पुन्हा चार अंडी.

जेवणं झाली. मग रोजची हजेरी. पाहुण्यांतली बेरिल वही घेऊन एकेका पक्ष्याचं नाव पुकारायची, ज्याला जितके दिसले त्यानं तितके सांगायचे.

"उचाट्या?"

"एकोणीस!" त्यांच्यातलाच डेनिस म्हणाला.

"डेनिस, दुर्बीण उलटी तर धरली नव्हतीस ना रे?"

सगळे हसले.

"भोवत्या?"

"दोन," पास्क म्हणाला.

"दोन... आणि घरट्यात चार."

खिडकीजवळच्या खुर्चीतून आलं. विल्फ हिल्डाकडे आला की बसायचा त्या. खुर्ची रिकामी होती. आवाज ओला होता. घशात पाणी असल्यासारखा...



मग बाहेर शिट्टी. एक. दोन. तीन.

डेनिस टॉर्च घेऊन उठला. "चला, चला!"

"जाऊ नका!" पास्क ओरडला. "तिथं कुणी नाहीये. तेव्हाही कुणी नव्हतं!"

बेरिलची पेन्सिल थांबली. "तुला रे काय ठाऊक?"

पास्कनं खुर्ची मागं सारली.

पुन्हा तीन शिट्ट्या. आता अंगणात.

पुन्हा. आता जिन्यात.

मग पावलं. ओल्या बुटांची, वर चढणारी. एक पायरी... दुसरी...

पास्क मागच्या दारानं पळाला. सरळ खाडीच्या अंगाला. भरती चढत होती. मी हाक मारली नाही. कुणीच मारली नाही.

घटकाभरानं दूर खाडीतून शिट्ट्या आल्या. तीन. या वेळी खऱ्या माणसाच्या. दम लागलेल्या, घाबऱ्या.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. डेनिसच्या हातात टॉर्च होता. त्यानं तो टेबलावर ठेवला.

पुन्हा तीन. मग दोन. मग...

ओहोटीला सापडला तो. विल्फ सापडला होता, त्याच जागी.

उजाडल्यावर मी दुरून दुर्बिणीनं पाहिलं, मादी अंड्यांवर बसलेली होती. मग पास्कची खोली आवरायला वर गेले. पलंगावर लाकडी पेटी, आत कापूस. कापसात अंड्यांच्या मापाचे चार खळगे करून ठेवलेले. रात्रीची तयारी.

खळगे रिकामे नव्हते. प्रत्येकात एकेक पितळी बटण होतं. ओलं.

हिरव्या दोऱ्यासकट.