कढईतला प्रकाशक

पंखा भरधाव फिरत होता. टेबलावरचे कागद उडत होते. परंतु समोर बसलेल्या प्रकाशकांच्या दाट, काळ्याभोर केसांतला एक केसही हलत नव्हता. या वयात केवढे हे केशवैभव, असे मनाशी म्हणत काकांनी आपल्या टकलावरून खिन्नपणे हात फिरवला.

“काकू, तुम्ही अवघड कोडी सोडवता असं ऐकलं,” प्रकाशक म्हणाले. “हे सोडवा.”

त्यांनी एक छापील चित्र पुढे केले. परलोकाच्या प्राचीन महाकाव्याची सचित्र आवृत्ती ते काढीत होते, आणि हा त्यातला नरक होता. शेकडो पापी तळमळत होते. मधोमध कढईत बसलेला पापी मात्र हुबेहूब प्रकाशक होता. फक्त पूर्ण टकला.

“कढईत का होईना, मध्यभागी आहात,” काकांनी सांत्वन केले.

“अहो, तुम्ही गप्प बसा बरं,” काकू म्हणाल्या. “आणि हा मस पाहा. चित्रात उजव्या गालावर, यांचा डाव्या.”

“मास्तरांचंच काम हे,” प्रकाशक म्हणाले. “आज संध्याकाळी त्यांना कामावरून निरोप देणार. स्वर्गाचं चित्र दुसरा कोणी कोरील.”

कोरीव चित्रे करणारे वृद्ध मास्तर कार्यशाळेत खाली मान घालून बसले होते. स्वर्ग आपल्या हातून पुरा व्हावा, एवढीच त्यांची उरलेली इच्छा होती.

“ती कढई मी रिकामी ठेवली होती, काकू. पुढच्या पाप्याची सोय म्हणून. पत्रा आम्लात सोडताना एवढ्या गर्दीत कोण बसलंय ते कुठं पाहणार?”

समोर तांब्याचे दोन पत्रे होते. मेणाचा लेप, त्यावर काजळी. सुईने ओरखडले की खालचे तांबे झळके, आणि आम्ल तेवढेच खाई.

“हा स्वर्ग ना?” काकांनी भक्तिभावाने हात जोडले. “काय तेज आहे.”

“तो नरकाचा दुसरा देखावा,” मास्तर म्हणाले. “जितक्या रेघा, तितकं इथं चकाकतं आणि कागदावर काळं होतं. स्वर्ग म्हणजे हा काळा पत्रा.”

काकांनी जोडलेले हात हळूच खिशात घातले. काकू मात्र त्यांच्याकडे कौतुकाने पाहू लागल्या, आणि काका अधिकच गोंधळले.

शेजारी छापखान्याचा फोरमन अक्षरांचे खिळे जुळवीत होता. “मालकांवर राग? आहे की. पण चित्र काढायला वेळ कुठाय? जन्मभर उलटं वाचून आता सरळ वाचताना मान दुखते माझी.”

“मालकांना टोपाशिवाय पाहिलंय कधी?” काकूंनी विचारले.

“टोप?” फोरमनचा हात थबकला. “ते केस खोटे आहेत?”

इतक्यात प्रकाशकांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. मास्तरांकडे त्या हौसेने चित्रकला शिकत. त्यांनी अर्धा चहा कपात ओतला आणि अर्धा काकांच्या गुडघ्यावर.

“चष्मा घरी विसरलात का, वहिनी?” काकूंनी विचारले.

“चारचौघांत नाही लावत मी. म्हातारी दिसते.”

काकूंनी प्रकाशकांना बोलावले आणि सर्वांना तिथेच बसवून घेतले.

“चित्र कागदावर उलटं उमटतं, हे मास्तर आणि फोरमन झोपेतही विसरणार नाहीत. हे करणाऱ्याने मस पत्र्यावर डाव्याच गालावर काढला, म्हणून तो उजवीकडे छापला गेला. म्हणजे हात शिकाऊ आहे. शिवाय त्याने यांना टोपाशिवाय पाहिलंय, म्हणजे माणूस घरातला. हेतू मात्र आमच्या ह्यांनी दाखवला. ह्यांनी नरकाला हात जोडले. वहिनी, तुम्हीही तेच केलंत ना?”

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला.

“या ग्रंथापायी यांनी झोप घालवली, आणि ग्रंथात यांना कुठंच जागा नाही. झळझळता पत्रा दिसला. मधे एक रिकामं कमळ होतं. म्हटलं, बसवावं स्वर्गात.”

“कमळ नव्हतं ते,” प्रकाशक क्षीण स्वरात म्हणाले.

“आणि टोप?” फोरमनने विचारले.

“देवासमोर कसला टोप?”

प्रकाशकांनी टोप काढून मांडीवर ठेवला आणि कपाळ पुसले.

“मास्तर, स्वर्ग तुम्हीच पुरा करा. माझं चुकलं. नरकही असू दे आहे तसा. इतक्या प्रेमानं तिथं कोणी कोणाला बसवलं नसेल.”

मास्तरांनी लगेच सुई उचलली. वहिनींनी पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि त्या काळ्या पत्र्यावर वाकल्या.

“मास्तर, इथं एक कमळ रिकामं ठेवा. यांची शिक्षा भोगून झाली की येतील.”