मेणाचं सफरचंद

दिवा लागला तशी चित्रकला शिकणारी पोरं शेगडीभोवती सरकली. दिवसभर त्यांच्यासमोर एकाच जागी उभं राहून आखडलेले पाय म्हाताऱ्या तादेओनं पुढे पसरले.

"हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. फिलोमेना माझ्या गावची. खोटं बोलणारी बाई नव्हे," म्हणाला, आणि सांगू लागला.

सेन नदी गोठली त्या वर्षीची गोष्ट. मेणबत्त्यांच्या सणाची आदली संध्याकाळ. पॅरिसात घरोघरी धिरड्यांचं पीठ भिजलेलं. फिलोमेना निघाली होती देलोर्ब मालकांच्या चित्रशाळेत, नवऱ्याचा लोकरी कोट आणायला. नवरा, नुंत्सियो, आठवड्यापूर्वीच वारला होता.

मालक रोमन बादशहाची मेजवानी रंगवत होते. खाऊन खाऊन सुस्तावलेला तो बादशहा म्हणजे आपला नुंत्सियो! पोटाला उशी बांधून, उघड्या अंगानं कोचावर लोळायचं. खऱ्या पोटात कावळे ओरडत असायचे. समोरची फळं मेणाची, दारू म्हणजे रंगवलेलं पाणी. पुढचा एक दात पडलेला, म्हणून मालक खेकसायचे, "तोंड मीट, बादशहा!"

आता आमच्या धंद्याचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. चित्रकार 'विसावा' म्हणेपर्यंत हलायचं नाही. नुंत्सियो त्या थंडीत, त्या कोचावर, पडल्या पडल्याच गेला. 'विसावा' कुणी म्हटलंच नाही.

फिलोमेना पोचली तेव्हा जिन्यात अंधार होता. दाराखालून उजेड येत होता. आत मालक रंगवत होते.

"दार लाव," मागं न बघताच ते म्हणाले. "तो गारठतो."

"कोण?"

मालकांनी कुंचल्यानं कोच दाखवला. कोच रिकामा होता. पण गादी... दबलेली. कुणी आडवं पडावं तशी.

फिलोमेनाच्या अंगावर काटा आला. मग रडू आलं. मग राग.

"सोडा त्याला, मालक. विसावा म्हणा."

"हात तेवढा राहिलाय. परवा चित्र प्रदर्शनात जायचंय."

"जिवंतपणी पिळलंत ते कमी पडलं?"

कुंचला चालूच.

तिनं दिवा उचलला. चित्राजवळ नेला. अगदी जवळ.

"ए बाई... अगं थांब!"

"म्हणा."

मालकांनी कुंचला खाली ठेवला.

"म्हणा, मालक."

"वि... विसावा."

कट्. कट्. बोटं मोडल्याचा आवाज. उठताना नुंत्सियो नेहमी मोडायचा, तसाच. गादी हळूहळू वर आली. मग पावलं... अनवाणी... टेबलाकडे.

मग काहीच नाही.

फिलोमेनानं टेबलावर उजेड धरला. मेणाच्या सफरचंदाला चावा घेतलेला होता. दातांचे ठसे स्पष्ट. मधे एका दाताची जागा मोकळी.

कोट तिथंच राहिला. सफरचंद तेवढं तिनं घरी आणलं. अजून रोज रात्री त्याच्याशेजारी पावाचा तुकडा ठेवते. एकदा मी विचारलं, "कशाला गं?"

म्हणाली, "उपाशीच उठला ना रे तो."